मनगट की खांदा?

हैदराबादच्या पश्चिमेला, कोंडापूर-मणिकोंडा-निजामपेटच्या बाजूला, आता दोन गल्ल्या ओलांडल्या की एक उंच पत्र्याची शेड दिसते. आत हिरवी मॅट, कडेला पांढरे दिवे, तासाच्या भाड्यानं मिळणारं बॅडमिंटन कोर्ट आणि पहाटे पाचचा स्लॉट चार दिवस आधीच भरलेला. खेळायला येणारे बहुतेक आयटीतले. त्यांतल्या कुणालाही भारतासाठी खेळायचं नाही. पोट आत घ्यायचंय आणि शनिवारच्या डबल्समध्ये मॅनेजरला हरवायचंय, एवढंच. पण दोन गेमच्या मध्ये बाकावर बसून जी चर्चा चालते ती ऐकून वाटावं, यांची ऑल इंग्लंड पुढच्याच आठवड्यात आहे.

एक म्हणतो, रॅकेटचं टेन्शन अठ्ठावीस पाउंड हवं, अमक्या चॅनेलवरचा इंडोनेशियन खेळाडू तेवढंच ठेवतो. दुसरा म्हणतो, चोवीसच्या वर गेलास तर खांदा जाईल, फिजिओचा व्हिडिओ आहे. तिसऱ्यानं पाहिलेलं असतं की स्मॅश मनगटातून येतो. चौथ्यानं पाहिलेलं असतं की मनगट मारणं हाच नवशिक्यांचा सगळ्यात मोठा दोष. हे चौघं ज्यांचं ऐकून आलेले असतात त्यांत एक माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू असतो, एक कॉलेजातला हौशी पोरगा असतो, एक रॅकेट विकणारा असतो. आणि मोबाईलच्या पडद्यावर तिघांचीही उंची सारखीच दिसते.

या मंडळींत वयानं मीच मोठा, म्हणून मला अंकल म्हणतात आणि अधूनमधून निवाडा मागतात. मी निवाडा देत नाही. माझं लहानपण ज्या सल्ल्यांवर गेलं ते यांना सांगितले तर यांच्या भांडणात पाचवा पक्ष तयार होईल.

सत्तरच्या दशकात काचीगुड्याला आमच्या वाड्यामागे मोकळी जागा होती. थंडी पडली की तिथं फक्कीनं कोर्ट आखायचं, दोन बांबू ठोकायचे, जाळी बांधायची. जाळीची उंची कुणीतरी उंच मुलगा हात वर करून ठरवायचा. वारा सुटला की एका बाजूचा खेळ सोपा आणि दुसऱ्या बाजूचा अशक्य. फूल नायलॉनचं. पिसाचं फूल म्हणजे चैन. ते मोठ्या मुलांनी मारून मारून निम्मी पिसं गेली की आमच्या वाट्याला यायचं. रॅकेट लाकडी, दीडशे ग्रॅमच्या आसपास भरणारी. खेळून झालं की ती चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात तिचं डोकं वाकडं व्हायचं. आजची कार्बनची रॅकेट ऐंशी-नव्वद ग्रॅमची असते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

सल्ला देणारी माणसं मोजकी आणि सगळी ओळखीची. त्यांत पहिला मान चाचांचा. ते रेल्वेत होते, तरुणपणी रेल्वेकडून खेळलेले, आणि संध्याकाळी पायजम्यावर स्वेटर चढवून आमच्या कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे. त्यांचा सल्ला एकच: "कलाई, मियाँ, कलाई! कंधा नक्को मारो." मनगट फिरवा, खांदा मारू नका. आमच्यापैकी कुणी जोर लावून स्मॅश हाणला आणि फूल जाळीत गेलं की चाचा मान हलवायचे, "कायकू कुल्हाड़ी चला रा?" मग उठून रॅकेट हातात घ्यायचे आणि जागेवरून न हलता फूल असं टाकायचे की समोरचा मुलगा डावीकडे धावायचा आणि फूल उजवीकडे पडायचं. त्या प्रात्यक्षिकानंतर प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

घरातही मनगटाचाच महिमा. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की नंदू नाटेकरांचं नाव निघायचं. सांगलीचा हा माणूस १९५६ साली मलायात सेलंगोर स्पर्धा जिंकून आला होता. परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय. १९६१मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव. आमच्या एका काकांनी त्यांचा खेळ पाहिलेला होता आणि तो एक सामना ते आयुष्यभर सांगत राहिले. पुण्याची मंडळी आणखी एक टोला हाणायची, की हा खेळ मुळात पुण्याचाच. त्यात तथ्य आहे. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नियम बसवले आणि खेळाला काही काळ 'पूना' असंच नाव होतं. हैदराबादेत राहून पुण्याचा मोठेपणा ऐकणं हा इथल्या मराठी माणसाला जन्मापासूनचा सराव आहे.

शिवाय गावच मनगटाचं. क्रिकेटातल्या जयसिंहांच्या बॅटिंगबद्दल बोलताना थोरली माणसं हातानं हवेत एक हलकी रेघ ओढायची. पुढे १९८४-८५च्या मोसमात अझरुद्दीननं पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं ठोकली आणि ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू मिडविकेटला कसा जातो हे साऱ्या देशाला दिसलं. मग लक्ष्मण. मार्च २००१चा तो आठवडा मी विसरू शकत नाही. ११ तारखेला बर्मिंगहॅममध्ये पुल्लेला गोपीचंदनं चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ हरवून ऑल इंग्लंड जिंकली आणि त्याच दिवशी कोलकात्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती कसोटी सुरू झाली, जिच्यात लक्ष्मणनं २८१ काढल्या. एका आठवड्यात दोन हैदराबादी. आमच्या इराण्याच्या हॉटेलात तेव्हा जो सिद्धांत मांडला गेला तो असा, की मुसीचं पाणी पिणाऱ्याचं मनगट वेगळंच असतं. पाणी खरं तर बरंचसं मंजिराचं. पण सिद्धांताला अडवणार कोण?

तेव्हाही सल्ल्यांत विरोध नव्हता असं नाही. चाचांच्या विरुद्ध पक्षात बॉल बॅडमिंटनवाले होते. आंध्र-तेलंगणात हा खेळ मोठा: पिवळा लोकरीचा चेंडू, एका बाजूला पाच गडी, उघड्या मैदानावर सामना. त्यातून आलेली मुलं खांद्यातून हात फिरवायची, कारण लोकरीचा चेंडू जड. तो नुसत्या मनगटानं जात नाही. आमच्यातला एक मोठा मुलगा त्या खेळात जिल्ह्याकडून खेळलेला होता आणि त्याच्या मते चाचांची कलाई म्हणजे "बैगन के बातां". तिसरे आमचे पीटीचे मास्तर. त्यांनी आयुष्यात रॅकेट धरली नसावी, पण त्यांचं मत सगळ्यात ठाम: रोज मैदानाला दहा चकरा मारा, दम वाढवा, बाकी सगळं आपोआप येतं.

या वादांचा निकाल लावायची पद्धत मात्र ठरलेली होती. "चल, कोर्टपे आ." दोघं वादी उतरायचे, पंधराचा गेम व्हायचा, हरणारा चहा आणि उस्मानिया बिस्किटं द्यायचा. जिंकणाऱ्याचं तत्त्व बरोबर असंच काही नव्हतं. कधी त्याचे पाय चांगले असायचे, कधी वारा त्याच्या बाजूचा. तरी एक गोष्ट पक्की होती. ज्यानं सल्ला दिला त्याला तो आमच्या डोळ्यांसमोर खेळून दाखवावा लागायचा आणि ज्याला दिला तो मुलगा दुसऱ्या दिवशी तिथंच असायचा. चाचांनी एकाला ग्रिप बदलायला सांगितली आणि आठवडाभर त्याचं कोपर दुखलं, तेव्हा चाचा स्वतः त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, तुझा हात लहान आहे, पहिलीच धर. उलटं फिरायलाही त्यांना लाज वाटली नाही. आज व्हिडिओ टाकणाऱ्याला माझं कोपर दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही. तो कुणाशी बोलतोय हे त्यालाच ठाऊक नसतं.

आता मनगटाचं खरं काय, ते सांगतो. गोविट्झके आणि वॉडेल या कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात चांगल्या खेळाडूंच्या फटक्यांची वेगवान फिल्म काढून एकेक चौकट तपासली. म्हणजे आम्ही काचीगुड्यात कलाई-कलाई करत होतो त्याच सुमारास. त्यांना दिसलं की स्मॅशची ताकद प्रामुख्यानं दोन ठिकाणांहून येते: दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरतो, आणि कोपराखालचा हात कुलपात किल्ली फिरवावी तसा वळतो. मनगटाचा तो सुप्रसिद्ध झटका फारसा नसतोच. हौशी खेळाडू मुद्दाम मनगट पुढे मोडतो तेव्हा ताकद मिळत नाही आणि कोपराचं दुखणं मात्र मिळतं.

मग इतके मोठे खेळाडू मनगट-मनगट का म्हणत आले? कारण त्यांना तसंच जाणवतं. हात सैल असतो, शेवटच्या क्षणी बोटं आवळली जातात, आणि सगळा वेग मनगटापाशी गोळा झाल्यासारखा वाटतो. खेळाडू जे करतो ते एक, त्याला जाणवतं ते दुसरं आणि तो सांगतो ते तिसरं. अव्वल खेळाडूच्या सल्ल्यातली ही मोठी गोम. पाच-सहा वर्षांचा असताना जे तो शिकला ते आता त्याच्या अंगात इतकं मुरलंय की ते सांगायला त्याच्यापाशी शब्दच उरलेले नाहीत. हौशी माणसाचं उलटं. तो ती पायरी परवाच चढलाय, कुठं पाय घसरतो हे त्याला नीट आठवतं, म्हणून तो नवशिक्याला खरोखर उपयोगी पडतो. फक्त त्याला वाटतं, जिना तेवढाच आहे. शेडमधल्या पोरांना मी एवढंच म्हणतो की चूक दाखवून घ्यायची असेल तर प्रोफेशनलला विचारा, आणि ती सुटली कशी हे ऐकायचं असेल तर शेजारच्या कोर्टवरच्याला. ते हसतात आणि पुन्हा मोबाईल काढतात.

या सगळ्यातला महत्त्वाचा तुकडा मला मिळाला तो बॅडमिंटनमधून नव्हे, बर्फावरून. हैदराबादकराचा बर्फाशी संबंध म्हणजे गोळा, आणि २००४पासून टँकबंदच्या खालच्या अंगाचं स्नो वर्ल्ड, जिथं भाड्याचा कोट घालून घसरता येतं. पण माझा भाचा डेन्व्हरला आहे आणि तिथल्या पोरांसारखा तोही हिवाळ्यात स्की करायला शिकला. एका रविवारी त्याचा फोन. "मामा, इथं प्रत्येक जण वेगळं सांगतोय." स्की स्कूलचा इन्स्ट्रक्टर म्हणत होता, पाय कमरेच्या रुंदीएवढे फाकवून ठेव. तिथल्या महाराष्ट्र मंडळातले एक ज्येष्ठ, तीस वर्षं डोंगर उतरणारे, म्हणत होते की गुडघ्याला गुडघा चिकटलेला हवा, तेच खरं सौंदर्य. ताज्या भुसभुशीत बर्फात मागं रेलायचं, असं ते सांगायचे. इन्स्ट्रक्टर म्हणायचा, मागं रेललास तर मांड्या भरून येतील आणि गुडघा जाईल, मध्यावर उभा राहा. इंटरनेटवर दोन्ही पक्षांचे व्हिडिओ, दोन्हीकडे दिसायला कसलेले लोक.

उत्तर स्कीच्या आकारात होतं. १९९०च्या दशकापर्यंतच्या स्की दोन मीटर लांब, सरळ आणि अरुंद असायच्या. त्यांना वळवायचं तर शरीराचा भार क्षणभर उचलायचा, पाय जुळवायचे आणि दोन्ही मिळून फिरवायच्या; भुसभुशीत बर्फात त्यांची टोकं बुडायची, म्हणून मागं रेलायचं. मग मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशा आखूड स्की आल्या. या नुसत्या कडेवर कलवल्या तरी आपल्या आपण वळतात. कडेवर कलवायला पायांत अंतर लागतं. बर्फावर तरंगतील अशा रुंद स्की आल्यावर मागं रेलायचं कारणही उरलं नाही. मंडळातले काका चुकीचं सांगत नव्हते. ते त्यांच्या जुन्या स्कींसाठी सांगत होते, आणि त्या स्की आता त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या.

फोन ठेवला आणि मला आमची प्रेसमध्ये आवळलेली रॅकेट आठवली. दीडशे ग्रॅमचं लाकूड आजच्या पोरांसारखं खांद्यातून सपकन फिरवून परत जागेवर आणणं म्हणजे पुढचं फूल हुकणंच. लाकडी रॅकेटवाल्यानं हात आखूड ठेवायचा, फूल कुठं टाकायचं ते शेवटपर्यंत लपवायचं, आणि कोपराखालच्या हातावर भागवायचं. चाचा त्यालाच कलाई म्हणायचे. त्यांच्या हत्याराला त्यांचा सल्ला चोख होता. तोच आज ऐंशी ग्रॅमच्या कार्बनला लावला की खेळ अर्धा राहतो.

हत्याराबरोबर नियमही बदलले. २००६पर्यंत सर्व्हिस आपल्या हातात असेल तरच पॉइंट मिळायचा, गेम पंधराचा. स्वतःच्या सर्व्हिसवर रॅली हरलो तर फक्त सर्व्हिस जायची, पॉइंट नाही. म्हणून जुना सल्ला: सर्व्हिस आपली असेल तर जुगार खेळ, समोरच्याची असेल तर जपून. आता गेम एकवीसचा आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट. जुगार कुठंही महागच. सर्व्हिससाठी पूर्वी कंबर ही मर्यादा होती आणि प्रत्येकाची कंबर पंचाच्या नजरेप्रमाणे वर-खाली व्हायची. २०१८पासून ती जमिनीपासून १.१५ मीटर अशी सरळ ठरवून टाकली. जुन्या पुस्तकातली सर्व्हिसची आकृती आज कुणी इमानदारीत गिरवली तर बुटका माणूस उगाच वाकेल आणि उंच फॉल्ट देईल. नेटवर या सगळ्या काळांचे सल्ले एकाच रांगेत उभे असतात आणि कुणाच्याही कपाळावर साल लिहिलेलं नसतं.

काही जुने सल्ले मात्र तेव्हाही वाईटच होते, आणि त्यांच्यासाठी मी एक अश्रू गाळणार नाही. खेळताना पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं, असं मोठी माणसं सांगायची. एप्रिलच्या हैदराबादेत आम्ही ते पाळायचो आणि घेरी आली की ग्लुकोज चाटायचो. गुडघा आखडला तर "खेळून मोकळा कर". बॅडमिंटनच्या दमासाठी मैदानाच्या चकरा, जिथं रॅली काही सेकंदांत संपते आणि लागतात ती थांबत-थांबत घेतलेली वेगवान पावलं. पीटीच्या मास्तरांना कधी कुणी विचारलं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून. आज निदान विचारता तरी येतं. आणि तज्ज्ञसुद्धा फिरतात. मुरगळल्यावर विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ही चौकडी १९७८मध्ये गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं पुस्तकात मांडली आणि ती जगभरच्या मैदानांवर पोचली. पस्तीसेक वर्षांनी त्यानंच लिहिलं की बर्फामुळं भरून यायला उशीर लागू शकतो. आमच्या शेडमध्ये परवा घोटा मुरगळला तेव्हा बर्फ लावा म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघंही एकाच डॉक्टरचं नाव घेऊन भांडत होते.

टेन्शनचं तसंच. माझं गटिंग करणारा माणूस सिकंदराबादेत बसतो, त्याचे वडीलही हेच करायचे. अठ्ठावीस पाउंड मागणाऱ्या पोराला तो आधी विचारतो, "हफ्ते में कितने दिन खेलते? सामने कौन है? स्मॅश पीछे की लाइन से जाता क्या?" घट्ट गटिंगवर फूल कमी उसळतं आणि रॅकेटचा कामाचा मधला भाग लहान होतो, ज्याचा हात विजेसारखा फिरतो त्याला त्यातून नेमकेपणा मिळतो, आपल्यासारख्याला फक्त खांदेदुखी. बावीस-चोवीस पाउंडांवर फूल मागच्या रेषेपर्यंत सहज जातं. व्हिडिओतला खेळाडू अठ्ठावीस म्हणतो ते खोटं नाही. तो त्याचं सांगतो. आमच्या गटिंगवाल्यानं ओळखीच्या पोरांना टेन्शन सांगायचंच सोडून दिलंय; तो रॅकेट घेतो, ग्रिपवर घामाचे डाग कुठं पडलेत ते बघतो आणि म्हणतो, "परसों आओ."

फुलाचा वाद मात्र सोडवणं सोपं आहे आणि म्हणूनच बहुधा तो कुणी सोडवत नाही. पिसाच्या फुलावर ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. आकडा मोठा तितकं फूल वेगवान. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आणि उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, म्हणून इथं फूल पळतं. चेन्नईच्या कुणा खेळाडूचा आकडा इथल्या मे महिन्यात चालायचा नाही. नियमपुस्तकात चाचणी दिलेली आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीनं मारलेलं फूल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम. त्याऐवजी बाकावर अर्धा तास तीन व्हिडिओ बघितले जातात. कोरड्या हवेत पिसं तडकू नयेत म्हणून फुलांना वाफ द्यावी की नाही, हा तर वेगळाच धर्मयुद्धाचा विषय. मी वाफ देणाऱ्यांतला आहे.

आणि जिथं हा खेळ खरोखर शिकवला जातो तिथं हे वाद कितपत चालतात? आमच्या काळी ते ठिकाण म्हणजे फतेह मैदान, आताचं लाल बहादूर स्टेडियम. तिथं आरिफसाहेब, म्हणजे एस. एम. आरिफ, भल्या पहाटे मुलांना घाम गाळायला लावायचे. गोपीचंद त्यांचाच शिष्य, पुढे ज्वाला गुट्टाही. २०००मध्ये त्यांना द्रोणाचार्य मिळाला, २०१२मध्ये पद्मश्री. सायना नेहवालचे वडील राजेंद्रनगरहून पहाटे स्कूटरवर तिला इतक्या लांब घेऊन यायचे आणि डुलकी लागून मुलगी पडू नये म्हणून आई मागे बसायची, हे तर सगळ्या गावाला पाठ आहे. चांगला सल्ला स्वस्त नव्हता. तो घ्यायला पहाटे चारला उठून शहर ओलांडावं लागायचं, आणि एवढं करून आलेला माणूस मग दुसऱ्या चार जणांना विचारत बसत नाही.

गोपीचंदनं घर गहाण ठेवून गच्चीबौलीला अकादमी उभारली, ती २००८मध्ये सुरू झाली. १९९४मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याचा गुडघा गेला होता. पुढे कधी खेळू शकेल की नाही अशी शंका असताना तो परत उभा राहिला, त्यामुळं शरीराबद्दल तो बोलतो तेव्हा ते ऐकीव नसतं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकआधी त्यानं आपली शिष्या पी. व्ही. सिंधू हिचा फोन तीन महिने काढून घेतला होता. रौप्यपदक मिळाल्यावर म्हणाला, आता पहिलं काम म्हणजे तिला फोन परत देणं. पेपरांनी ती बातमी शिस्तीचा किस्सा म्हणून छापली. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. तिच्या कानात त्या तीन महिन्यांत एकाच माणसाचा आवाज गेला, आणि तो माणूस रोज जाळीपलीकडून तिची पावलं बघत होता. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकीला जे लागलं ते आमच्या शेडमधल्या डेटा इंजिनिअरला नको, हे मला पटत नाही. पण त्याचा फोन कोण काढून घेणार?

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की म्हाताऱ्याला जुनंच बरं वाटतंय. थोडं वाटतंच. पण त्या वाड्यामागच्या कोर्टावर माझी धाकटी बहीणही असायची, कडेला उभी, फुलं गोळा करत. तिचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा चांगला होता. चाचा तिला कधी खेळायला हाका मारायचे, पण मुलींना शिकवणं त्यांच्या डोक्यात नव्हतं, आणि तेराव्या वर्षी घरातून "आता पुरे" आलं. फतेह मैदानाला तिला कोण नेणार? ते प्रेमळ, जबाबदार, डोळ्यांदेखत मिळणारे सगळे सल्ले निम्म्या घरापर्यंत पोचतच नव्हते, आणि तेव्हा ते कुणाला खटकलंही नाही. लग्न होऊन ती नांदेडला गेली.

पन्नाशीनंतर, मुलगा डेन्व्हरला गेल्यावर, तिनं नांदेडातल्या एका हॉलमध्ये सकाळचा स्लॉट घेतला आणि मोबाईलवरून शिकायला लागली. कोच नाही. तिची पद्धत तिनं स्वतः बसवली. दोन व्हिडिओ एकमेकांविरुद्ध बोलले की ती आधी बघते, समोरचा खेळाडू केवढा आहे, कोणत्या सालचा सामना दाखवतोय आणि खाली काही विकायला ठेवलंय का. मग त्यातलं एकच निवडते आणि महिनाभर दुसरं उघडत नाही. रॅकेट विकणाऱ्यांचं ती पाय कसे हलतात एवढ्यापुरतंच बघते. ग्रिपचं एका हौशी थाई मुलीकडून शिकली; म्हणते, तिचा हात माझ्याएवढाच आहे. कोरियन आणि चिनी मुलींचे सामने आवाज बंद करून बघते, कारण कॉमेंटेटर फूल बघतो आणि तिला पाय बघायचे असतात.

गेल्या दिवाळीला ती देवगिरी एक्स्प्रेसनं हैदराबादला आली, रॅकेटची बॅग खांद्याला लावूनच. आम्ही कोंडापूरच्या शेडमध्ये खेळलो. माझं मनगट अजून चालतं. दोन-तीन वेळा तिला डावीकडे पळवून उजवीकडे टाकलं आणि शेजारच्या कोर्टवरची पोरं "वाह अंकल" म्हणाली. अठरा-सोळा अशी माझी आघाडी, सर्व्हिस माझी. मी जुन्या सल्ल्याप्रमाणे रेषेवर जुगार खेळलो, आणि फूल बोटभर बाहेर पडलं. पुढच्या रॅलीत, तिच्या सर्व्हिसवरही तेच.

"अठरा ऑल," ती म्हणाली आणि फूल हातात घेतलं. "दादा, ते पंधराच्या गेमला चालायचं."